वाचना आणि पृच्छना

मुंबई-हावडा लोहमार्गावरील सालेकसा स्थानकाच्या पाटीवर गावाचे नाव देवनागरीत आहे, तसेच रोमन लिपीतही आहे. प्रौढांच्या इंग्रजी वाचनवर्गाला याहून सोपा पहिला धडा मिळणे कठीण. उच्चार आधीच जिभेवर असतो. डोळ्यांना ओळख पटायची तेवढी उरते. देवनागरीतील चार अक्षरांची रोमनमध्ये आठ होतात. त्यांत ‘ए’ हे अक्षर ३ वेळा येते. ‘सा’मध्ये त्याचा उच्चार ‘आ’, तर ‘क’मध्ये ‘अ’. प्रौढ विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. हा बुद्धीचा मंदपणा नव्हे. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हे वेगळी असतात; एकाच चिन्हाचे दोन उच्चार त्याला सहजी पटत नाहीत. म्हणून जाणता शिक्षक केवळ मुळाक्षरे घोकून घेत नाही. बँक, बिल, तिकीट असे रोजच्या वापरातले शब्द पुढे ठेवतो.

व्यापारी कुटुंबांत हे वाचन केवळ हौसेचे नाही. पाकीटबंद मालावरील सक्तीचा तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत देण्याची कायद्याने मुभा आहे. त्यामुळे पुष्कळ पाकिटांवर तो इंग्रजीतच आढळतो. हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कांदा-लसूण नाही, असे सांगत नाही. ‘ओनियन’, ‘गार्लिक’, ‘पोटॅटो’ हे तीन शब्द ओळखणाऱ्या आजीला पाकीट नातवापुढे धरावे लागत नाही. आपला नियम ती स्वतः पाळू शकते. औषधाच्या मुदतीची तारीख वाचणे तर जिवाशीच निगडित.

असा वर्ग पाहणाऱ्याच्या ध्यानात येते, की अवघड शब्दापेक्षा संकोच अधिक आड येतो. मोठ्याने वाचण्याची पाळी आली की आवाज खाली जातो. शंका मनात असते, पण विचारली जात नाही. रमाबाई रानडे विवाहानंतर मराठी वाचायला शिकल्या, पुढे इंग्रजीही. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे त्यांना सोसावे लागले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी ते नोंदवले आहे. आज घरातील बाजू उलटली आहे. हसतात ती इंग्रजी शाळेत जाणारी मुले.

स्वाध्यायाच्या पाच अंगांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते. वडील माणसाने चुकीचा उच्चार केला, तर मुलांनी तो शब्द हळू म्हणून दाखवावा आणि पुढचा त्यांनाच वाचू द्यावा. ज्या घरात हसू होते, तेथे पृच्छना थांबते. आणि तिच्यामागोमाग वाचनाही.