सेवा तिची, माहिती कुणाला?

सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, सासऱ्यांची लघवीची पिशवी, अंथरुणाला खिळून पाठीला झालेल्या जखमा. हे सारं बघते घरातली बाई. डॉक्टर मात्र समजावतात मुलाला, आणि घरी सोडतानाचा कागद इंग्रजीत! मग रात्री स्वयंपाकघर आवरून ती मोबाईलवर शोधते : ही गोळी उपाशीपोटी चालेल का? जखमेला काय लावू? समोर येतात जाहिराती आणि घाबरवणारे व्हिडिओ. वर टोमणा, ‘सारखी मोबाईलवर असते!’

मैत्रिणींनो, हे शोधणं म्हणजेही श्रमच, बिनमोल आणि अदृश्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्के, तर पुरुषांपैकी ५७ टक्के जणांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. म्हणजे अनेक जणींच्या हाती शोधण्याचं साधनही नाही.

म्हणून मागणी हवी : दवाखान्याने सूचना मराठीत लिहून द्याव्यात, प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या व्यक्तीला समजावाव्यात. पुढच्या शंकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारण्याची सोय असावी. आणि पुरुषांनी नुसता फोन घेऊन न देता सेवेचा वाटा उचलावा. म्हाताऱ्यांची काळजी ही एकट्या सुनेची नव्हे, कुटुंबाची आणि शासनाचीही जबाबदारी आहे.