पुरात उरणारा रस्ता

नकाशा समोर ठेवला तर गडचांदूर रस्त्यांच्या बाबतीत मुळीच गरीब दिसत नाही. एक वाट राजुऱ्यावरून वर्धा ओलांडून बल्लारपूर आणि चंद्रपूरला जाते. दुसरी भोयेगावच्या पुलावरून थेट चंद्रपूर गाठते. तिसरी कोरपन्यावरून पैनगंगेपलीकडे वणीला पोहोचते. शिवाय आदिलाबादकडे जाणारा महामार्ग आहे आणि दक्षिणेला जिवतीच्या डोंगरात चढणारे रस्ते आहेत. आसपास सिमेंटचे मोठे कारखाने असल्याने यातले बरेच रस्ते जड वाहनांसाठी रुंद केलेले आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत या शहरापुढे ‘पर्यायी मार्ग उपलब्ध’ अशी नोंद करायला कुणाचाही हात अडखळणार नाही.

ही नोंद तपासून पाहावी, एवढ्यासाठी या महिन्याचे संपादकीय.

बल्लारपूर–राजुरा आणि भोयेगाव हे पूल वेगवेगळे आहेत, पण नदी एकच आहे. वर्धा फुगली की दोन्हीकडे पोलीस उभे राहतात. दोन मार्ग एकमेकांवर अवलंबून नसतील आणि प्रत्येक मार्ग दहा वर्षांतून एकदा बंद पडत असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याचा प्रसंग शंभर वर्षांतून एकदा येईल. हा हिशेब आपण शिकलेलो आहोत. पण दोन्ही पुलांवर एकाच पुराचे पाणी चढत असेल तर हा गुणाकार लागूच होत नाही, दहा वर्षांचा प्रसंग दहाच वर्षांचा राहतो. पैनगंगेचेही तसेच. तिचे खोरे वेगळे असले तरी पाऊस बहुधा एकाच आठवड्यात दोन्हीकडे पडतो. तीन पूल मोजून आपण निश्चिंत होतो, त्या वेळी प्रत्यक्षात आपल्या हाती एकच पर्याय तीनदा मोजलेला असतो.

जुलै २०२२ आठवा. भद्राचलमला गोदावरीने सत्तर फुटांची पातळी ओलांडली, सिरोंचा तालुक्यातली गावे हलवावी लागली, चंद्रपूर शहरात इरई नदीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले आणि बल्लारपूर–राजुरा वाहतूक थांबली. बातम्यांत या चार वेगळ्या घटना म्हणून छापल्या गेल्या. अभियंत्याने त्या एकत्र वाचायला हव्यात. पुढे वर्धेचे पाणी जिच्यात जाते ती प्राणहिता काठोकाठ भरलेली असेल तर मुळात कमी उताराच्या वर्धेचे पाणी लवकर ओसरत नाही, आणि वर्धा ओसरल्याशिवाय इरईला जागा मिळत नाही. वर निम्न वर्धा आणि इसापूर धरणांतून विसर्ग चालू असला तर पूर आणखी लांबतो. जिवतीच्या डोंगरातले नाले मात्र अगदी वेगळे वागतात. तिथे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की दोन-तीन तासांत मोरीवरून पाणी जाते आणि तितक्याच लवकर उतरतेही. नाल्याचा पूर सूचना देत नाही पण थांबतही नाही. नदीचा पूर आदल्या दिवशी वर्दी देतो आणि मग चार दिवस मुक्काम करतो. दोन्ही ठिकाणी ‘मार्ग बंद’ असा एकच फलक लावून आपण मोकळे होतो, हे चुकीचे आहे. पहिल्या ठिकाणी रात्रीचा पहारा हवा, दुसऱ्या ठिकाणी चार दिवसांचा पुरवठा आधीच पलीकडे पोहोचलेला हवा.

पुराने पुन्हा पुन्हा तुटणाऱ्या वाटेचे जुने उदाहरण म्हणजे गडचिरोलीतल्या भामरागडची पर्लकोटा नदी. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव आणि बाहेर पडायला ठेंगणा पूल होता. २०१९ च्या पावसाळ्यात त्या पुलावरून पुन्हा पुन्हा पाणी गेले, बाजारपेठेत शिरले आणि पलीकडची गावे दर वेळी तुटली. ठेंगणा पूल बांधणे हा गुन्हा नव्हे. बुडीत पुलांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे आणि वाहतूक किती वेळा, किती तास थांबली तर चालेल, याचा विचार करूनच असा पूल बांधायचा असतो. प्रश्न पुढचा आहे. असे पूल बांधताना त्यांवरून बैलगाड्या, दोन एसटी आणि चार जीपगाड्या जात होत्या. आज आपल्या विभागातल्या अशा पुलांवरून रुग्णवाहिका, सिमेंटचे बल्कर आणि कोळशाचे हायवा जातात. रस्त्याचा दर्जा कागदावर दोनदा वाढला, पण पुलाच्या बाबतीत ‘इतके तास थांबले तर चालेल’ हे उत्तर कुणी पुन्हा तपासले नाही. आपल्या विभागातल्या प्रत्येक बुडीत पुलाबाबत हा प्रश्न नव्याने विचारायला हवा.

आता पूल उघडण्याच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे आपल्याच क्षेत्रातली माणसे एकटी पडतात. पाणी उतरलेले असते. कठड्यांत पऱ्हाट्या, झाडांचे ओंडके, कुणाच्या तरी वाडीचे कुंपण अडकलेले असते. स्लॅबवर गाळाचा थर असतो आणि जेसीबी तो ढकलत असतो. मागे ट्रकांची रांग, चालक दोन दिवसांचे ताटकळलेले, आणि फोनवर फोन : केव्हा उघडता? अशा वेळी कनिष्ठ अभियंता पुलावर चालत जातो, स्लॅब शाबूत दिसतो, डांबर शाबूत दिसते, आणि वाहतूक सुटते. धोका बहुतेकदा त्या शाबूत दिसणाऱ्या डांबराखालीच असतो. पूल आणि भराव जिथे मिळतात तिथली माती पाण्याने ओढून नेलेली असते आणि वरचा थर पोकळीवर तरंगत असतो. रिकाम्या जीपला तो पेलतो, भरलेल्या बल्करला पेलत नाही. काळ्या मातीच्या भरावाचे तर विचारूच नका, चार दिवस भिजल्यावर पाणी झपाट्याने उतरले की त्याची बाजू घसरते. पायाजवळची खरड तर गढूळ पाण्यात दिसतच नाही, बांबू किंवा वजन बांधलेली दोरी सोडून मोजावी लागते. हे सारे तासाभरात होण्यासारखे आहे. पण त्या तासासाठी त्या अभियंत्याच्या पाठीशी लेखी अधिकार हवा : तपासणीपत्रक पुरे झाल्याशिवाय पूल उघडणार नाही, मग फोन कुणाचाही असो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, दोन एसटी बसेस गेल्या, माणसे गेली. पुरात पूल उभा दिसतो म्हणजे तो उभा आहे, असे समजण्याची किंमत त्या रात्री कळली. त्या दुर्घटनेतली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. शेजारीच दुसरा नवा पूल होता, म्हणून मुंबई–गोवा महामार्ग तुटला नाही आणि पडलेल्या पुलाच्या जागी दहा महिन्यांत नवा उभा राहीपर्यंत वाहतूक चालू राहिली. वर्धेवर आपल्याकडे असा जोड कुठे आहे?

मोठ्या शहरांनाही हेच भोगावे लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, कोल्हापुरात दूध, इंधन, भाजीपाला सारे अडले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तिथे उपाय म्हणून महामार्ग उंच करण्याची मागणी झाली, आणि त्याबरोबर काठच्या गावांची तक्रारही आली की भरावच पाणी अडवतो. ती तक्रार मनावर घ्यायला हवी. रस्ता मातीच्या भरावाने उंच केला तर तो नदीच्या पसरट पात्रात बांध होतो आणि वरच्या बाजूच्या गावांत पाण्याची पातळी वाढते. उंची वाढवायची तर पाण्याला वाट ठेवूनच, म्हणजे कमानी किंवा खांबांवर. ते महाग असते. म्हणूनच आमचे स्पष्ट मत आहे की निधी थोडा असेल तर गडचांदूर–राजुरा भागातले तिन्ही नदीमार्ग एक-एक मीटर उंचावण्यात तो विखरू नये. एकच मार्ग निवडावा आणि पुलासह दोन्ही बाजूंचे जोडरस्ते सर्वोच्च पूरपातळीच्या वर नेऊन तो पूर्ण करावा. पूल उंच आणि जोडरस्ता खोलगट, असे अर्धे काम आपल्याकडे जागोजागी दिसते. नदीला पुलावर चढायची गरजच पडत नाही, ती आधी रस्त्यावर येते.

कुठला रस्ता आधी उघडायचा, हे ठरवणेही तितकेच महत्त्वाचे. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तोहोकूच्या रस्ते खात्याने किनाऱ्यावरून काम सुरू केले नाही. आधी आतल्या बाजूचा दक्षिण-उत्तर महामार्ग मोकळा केला आणि मग त्यातून किनाऱ्याकडे जाणारे फाटे एकामागून एक उघडले. १५ मार्चपर्यंत असे १५ मार्ग सुरू झाले होते. प्रत्येक ठिकाणी रस्ता पूर्ववत करायचा नाही, गाडी जाईल एवढी वाट करायची, हा निर्णय त्यामागे होता. कुठला रस्ता आधी, हे आपत्ती आल्यावर ठरवायला बसलो तर ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता आधी उघडतो.

गडचांदूरसाठी हा क्रम आजही लिहिता येईल. वर्धा आणि पैनगंगा दोन्ही अडल्या तर मोठी नदी न ओलांडता बाहेर जाणाऱ्या वाटा तेलंगणात जातात : कोरपन्यावरून आदिलाबाद आणि राजुऱ्यावरून आसिफाबाद. आदिलाबादला ‘रिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे चंद्रपूरला पोहोचू न शकणाऱ्या बाळंतिणीसाठी पुरातली खरी वाट दुसऱ्या राज्यात आहे, आणि तिच्यावरचे नाले, मोऱ्या आधी दुरुस्त व्हायला हव्यात. दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांनी रुग्णवाहिकांबाबत पावसाळ्यापूर्वीच बोलून ठेवायला हवे. त्याशिवाय माणिकगडहून गडचांदूरला येणारा मालवाहू लोहमार्ग आहे. वर्धेवरून येणाऱ्या मुख्य लोहमार्गाला तो जोडलेला आहे. सिमेंटसाठी टाकलेल्या या रुळांवरून पूरकाळात औषधे, रक्त आणि डॉक्टर आणता येतील का, याची तपासणी रेल्वे आणि कारखान्यांसह एकदा व्हावी. रस्त्यांच्या माणसांनी रुळांचा विचार करू नये, असा काही नियम नाही.

आणखी एक नुकसान आपण हिशेबात धरत नाही. मोठा मार्ग बंद झाला की जड वाहने जिल्हा परिषदेच्या रस्त्यांवर वळवली जातात. त्या रस्त्यांची जाडी त्यांच्यासाठी नसते. पूर ओसरतो, महामार्ग उघडतो, आणि पुराचे पाणी ज्या गावात आलेच नव्हते त्या गावाचा रस्ता पुढचे वर्षभर फुटलेला राहतो. वाहने वळवण्याच्या आदेशातच त्या रस्त्याच्या दुरुस्तीची तरतूद आणि भाराची मर्यादा लिहिलेली असावी.

वाचकांना, म्हणजे सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद आणि नगर परिषदांतल्या अभियंत्यांना एक विनंती. आपल्या शहरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यासाठी एक ओळ लिहा : पाणी सर्वांत आधी नेमके कुठे चढते, नदीच्या मोजपट्टीवर पाणी किती असताना चढते, ते बिंदू कोणत्या नदीचे आहेत, आणि पूर ओसरल्यावर हा रस्ता कितव्या क्रमाने उघडायचा. एकाच नदीने बंद होणारे रस्ते एकाच रंगाने रंगवा. गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा, अहेरी, भामरागड येथून आलेली पत्रके पुढच्या अंकात नकाशासह छापण्यासाठी आम्ही पाने राखून ठेवत आहोत. मृगाच्या आत पाठवा.