कळेल असं लिहिणं म्हणजे कमीपणा नव्हे

कवितांचे अनुवाद करते असं सांगितलं की लोक आदराने बघतात; कर्जाच्या कागदपत्रांचे करते असं सांगितलं की विषय बदलतात. माझं घर या दुसऱ्या कामावर चालतं. आणि अनुवादातली चूक माणसाला खरोखर महागात पडते ती तिथेच.

मध्यंतरी एका वित्तसंस्थेसाठी मी लिहिलं : ‘हप्ता उशिरा भरलात तर दंड लागेल. त्या दंडावर व्याज लागणार नाही.’ मजकूर ‘सुधारून’ परत आला : ‘विहित मुदतीत हप्त्याचा भरणा न झाल्यास दंडात्मक आकार वसूल करण्यात येईल, तथापि सदर आकाराचे भांडवलीकरण अनुज्ञेय नसेल.’ कारण विचारलं. उत्तर आलं, ‘तुमची भाषा फार घरगुती वाटते.’

शिलाईयंत्रासाठी कर्ज काढणाऱ्या बाईला ‘भांडवलीकरण’ काय सांगणार? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं, की दंड व्याजदरात मिसळू नका आणि दंडावर पुन्हा व्याज घेऊ नका. नियम त्या बाईच्या बाजूचा आहे. आमच्या भारदस्त वाक्याने तो तिच्यापासूनच लपवला. उद्या कुणी दंडावर व्याज लावलं, तर ती भांडणार कशाच्या जोरावर?

ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योग कर्जांसोबत मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. समजेल अशा भाषेत, म्हणजे नुसतं देवनागरीत नव्हे.

यावर दोन आक्षेप नेहमीचे. पहिला, कायद्याला काटेकोरपणा लागतो. मान्य. पण माझ्या दोन वाक्यांतून नेमका कोणता अर्थ गळाला, ते कुणीच दाखवलं नाही. दुसरा, संस्कृत शब्द साऱ्या भारतीय भाषांना जोडतात. माझे कन्नड आणि गुजराती अनुवादक मित्रही अशाच ‘सुधारणा’ सोसतात. म्हणजे जोडलं जातंय ते न कळणं.

दोष आपलाही आहे. साहित्यातली माणसं सरकारी मराठीची टिंगल करतात, पण ती सुधारायचं काम हलकं समजतात. सुमारे सातशे वर्षांपूर्वी महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी आपल्या पंडिताला संस्कृतात लिहू दिलं नाही. पंथातल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. 1998 मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने सोप्या इंग्रजीची पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत वॉरन बफे सांगतात, की अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणींना डोळ्यांसमोर ठेवतात. एकाला धर्म सांगायचा होता, दुसऱ्याला नफातोटा. वाचणारी बाई मात्र दोघांनाही दिसत होती.

आता मी मसुदा पाठवताना एकच अट घालते : सही करणाऱ्या माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवा आणि दंड कधी लागेल ते त्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर अनुवाद अजून झालेलाच नाही.