पॅकेज किती, रामुडू?

‘मुलाचं पॅकेज किती?’ हा प्रश्न आयटीवाल्यांपासून सुरू झाला असं वाटतंय? मग या वीकेण्डला ‘पाताळ भैरवी’ बघाच. १९५१ चा तेलुगू सिनेमा, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी. एन. टी. रामारावांना स्टार केलं ते यानेच.

उज्जैनच्या माळ्याचा पोरगा तोट रामुडू थेट राजकन्येच्या प्रेमात पडतो. होणाऱ्या सासरेबुवांची अट एकच: आमच्याएवढा श्रीमंत हो, मग बोलू. झालं! पठ्ठ्या एका मांत्रिकाच्या नादी लागतो. त्या मांत्रिकाला देवीपुढे बळी द्यायला असाच धाडसी पोरगा हवा असतो. रामुडू डाव उलटवतो आणि मागाल ते देणारी मूर्ती पटकावतो. चुटकीसरशी महाल तयार! पण मूर्ती चोरीला जाते आणि महाल, पैसा, राजकन्या सगळं गायब. हाताशी उरतं धाडस आणि अंजी नावाचा जिगरी दोस्त. पुढचं, खास करून मांत्रिकाच्या दाढीचं, सांगणार नाही. मांत्रिक झालेले एस. व्ही. रंगाराव तर निव्वळ धमाल.

गोष्ट ‘काशी मजिली कथलु’मधली, म्हणजे काशीयात्रेच्या मुक्कामांवर सांगायच्या कथांमधली. १९५२ मध्ये मुंबईत देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा ‘आवारा’ आणि आपल्या ‘अमर भूपाळी’बरोबर हाही होता.

तेलुगू येत नाही? सबटायटल्स लावा. आणि पुढच्या ‘बघण्याच्या कार्यक्रमा’आधी आईबाबांनाही शेजारी बसवा.