प्रभाव कोणाचा, गरज कोणाची?

आम्ही मराठी शिकवणारे चौघे 2019 च्या ऑक्टोबरात चीनमधील युनगांग आणि लोंगमेन येथील बौद्ध लेणी पाहून आलो. परतल्यावर ज्यांना ज्यांना छायाचित्रे दाखविली त्यांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला : ‘हे सगळे आपल्याकडूनच गेले ना?’ प्रश्न आम्हांला नवा नव्हता. युनगांगच्या विसाव्या लेण्यातील बुद्धासमोर उभे राहताच आमच्यातलाच एकजण उद्गारला होता, ‘अजिंठ्याचीच छाया!’ आणि उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या होत्या. त्या माना डोलावण्यात चूक झाली. ती केवळ इतिहासाची चूक नसून आपल्या वाङ्मयीन अभ्यासाच्या सवयीचीही आहे, असे आता आमचे मत झाले आहे.

प्रथम इतिहास. दातोंग शहरापासून सुमारे 16 किलोमीटरवरील युनगांगच्या वालुकाश्मात तान-याओ या भिक्षूच्या देखरेखीखाली पहिली पाच लेणी इ. स. 460 च्या सुमारास कोरावयास घेतली गेली. अजिंठ्याचा दुसरा, महायान कालखंड वाकाटक राजा हरिषेणाच्या राजवटीशी निगडित आहे. वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार तो 460 नंतरच्या दोन दशकांत मावतो. अजिंठ्याच्या त्याआधीच्या, सहा-सात शतके जुन्या लेण्यांत कोरलेली बुद्धमूर्तीच नाही. म्हणजे ज्याची छाया युनगांगवर पडली असे आम्ही म्हणत होतो, ते अजिंठा त्याच वेळी इकडे छिन्नीखाली होते. दोन्ही लेणी एकमेकांची समकालीन होत.

भारतातून काही गेलेच नाही, असे अर्थातच आम्हांला म्हणावयाचे नाही. धर्म गेला, ग्रंथ गेले, मूर्तीची घडणही गांधार, मध्य आशिया, तुनहुआंग अशी मजल दरमजल करीत गेली. प्रश्न असा, की घेणाऱ्याने ते का घेतले आणि घेऊन काय केले. युनगांग कोरविणारे उत्तर वेई राजघराणे मूळचे उत्तरेकडील तोबा लोकांचे, म्हणजे खुद्द चीनमध्येही परके. याच घराण्यातील एका सम्राटाने 446 मध्ये बौद्ध विहार आणि मूर्ती नष्ट करण्याचा हुकूम काढला होता. त्याच्या वारसाने 452 मध्ये बंदी उठविली आणि काही वर्षांतच डोंगर कोरण्याचे काम सुरू झाले. पहिल्या पाच लेण्यांतील प्रचंड बुद्ध हे घराण्याच्या पाच सम्राटांशी जोडले जातात. परक्या राजाला परक्या देशात अधिकार हवा होता, आणि जळून वा मोडून न जाणारी मूर्ती हवी होती. ही गरज दातोंगची होती. ती कोणी भारतातून पाठविली नव्हती.

गरज आपली असली की घेतलेली वस्तूही हळूहळू आपली होते. विसाव्या लेण्यातील बुद्धाचे चीवर डाव्या खांद्यावरून येते, पण उघड्या उजव्या खांद्याची कड तेवढी वस्त्राने झाकलेली आहे. सहाव्या लेण्यात जावे तर बुद्धाच्या अंगावर चिनी धाटणीचा सैल, घोळदार झगा दिसतो. आपल्या चैत्यगृहातला अर्धगोल स्तूप एकोणचाळिसाव्या लेण्यात पाच मजली, छपरांचा मनोरा होऊन उभा आहे. याला अनुकरण म्हणणारा माणूस मूर्तीकडे पाहत नाही. तो तिच्यात आपलीच ओळख शोधत असतो.

लुओयांगजवळच्या लोंगमेनला यी नदीच्या दोन्ही काठांवर 2,300 हून अधिक लेणी व कोनाडे आणि सुमारे 2,800 शिलालेख आहेत. तेथील गूयांग लेण्यात 495 सालचा एक लेख आहे. युची घराण्यातील एका सरदारपत्नीने आपल्या मृत मुलासाठी मैत्रेयाची मूर्ती करविली, असे तो सांगतो. त्याला पुन्हा जन्म घ्यावाच लागला तर तो सुखाच्या ठिकाणी मिळावा, आणि तो दुःखात सापडला तर त्याची तत्काळ सुटका व्हावी, एवढेच आईचे मागणे. मुलाचे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहिले आहे त्यांचा शब्दशः अर्थ ‘बैलाचा खुंटा’ असा होतो. आम्हांला आपल्याकडचे धोंडू आणि दगडू आठवले. हा आमच्या मनाचा खेळही असेल. पण त्या क्षणी आमच्यातल्या कोणालाही ‘हे आपल्याकडूनच गेले’ असे म्हणावेसे वाटले नाही. साम्य आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला त्या आईने शिकविले.

खरे तर हे आम्हांला कार्ल्यालाच कळावयास हवे होते. तेथील खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणून कार्ल्याचे चैत्यगृह ग्रीकांचे आहे, असे कोणी म्हटलेले आपण ऐकून घेऊ काय? मग हाच न्याय दुसऱ्याला लावताना आपला हात का आखडतो?

आता आमच्या वर्गाकडे वळतो. ‘मर्ढेकरांच्या कवितेवरील एलियटचा प्रभाव स्पष्ट करा’ अशा धाटणीचे प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे काढले आणि तपासले. विद्यार्थी साम्यस्थळांची यादी देतात, आम्ही गुण देतो. महायुद्धोत्तर मुंबईतल्या कवीला अशा प्रतिमासृष्टीची गरज का भासली, आणि ती ओवी-अभंगाच्या चालीत उतरविताना तिचे काय झाले, हे विचारावयाचे राहून जाते. चिनी लेण्यांपुढे आपण देणारे होऊन फुशारतो आणि मराठी कवितेपुढे घेणारे होऊन ओशाळतो. दोन्ही वेळा हिशेब एकच, आणि दोन्ही वेळा ज्याने घडविले तो कारागीर हिशेबाबाहेर राहतो.

ह्युएनत्संग लुओयांगच्याच परिसरात जन्मला. तो भारतात आला, महाराष्ट्रही पाहून गेला आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. त्यानंतरचे त्याचे आयुष्य भाषांतरात गेले. त्याला कोणी काही देऊ केले नव्हते. जे हवे होते ते तो शोधत आला होता. ‘प्रभाव’ या शब्दात हा शोधणारा माणूस दिसत नाही.

तेव्हा आम्ही एवढेच ठरविले आहे, की यापुढे प्रश्नपत्रिका काढताना ‘प्रभाव स्पष्ट करा’ असे लिहावयाचे नाही. ‘कवीने काय घेतले, कशासाठी घेतले आणि त्याचे काय केले’ असे विचारावयाचे. उत्तरे तपासावयास अधिक वेळ लागेल, आणि आदर्श उत्तर आधी लिहून ठेवता येणार नाही. आमच्या सहकारी मित्रांनी या अडचणीसह हा बदल करून पाहावा.