पिशवी काढण्याआधी थोडे थांबा



या पानावर आम्ही एरव्ही बेणे, लागण आणि खोडवा यांविषयी लिहितो. आजचा विषय घरातला आहे. पण सुरुवात उसापासूनच करू.

उसाला तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते आणि कांड्यावरच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, हे आपण पाहताच. शेंड्यात एक संजीवक तयार होऊन खाली उतरत असते, तोवर डोळे गप्प असतात. ते थांबले की उसाची सगळी घडी विस्कटते. दशी पडते, वजन घटते. म्हणूनच जिब्रेलिक अॅसिड फवारताना आपण २० लिटर पाण्याला १ ग्रॅम असे तोलून घेतो.

माणसाच्या अंगातही अशीच संजीवके असतात. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. बाईच्या अंगात त्यांतली महत्त्वाची अंडाशयात तयार होतात. त्यांचे काम नुसत्या पाळीपुरते नाही; हाडांची बळकटीही त्यांच्यावर असते.

गेल्या हंगामात नोंदीसाठी आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. घरच्या बाईंचे वय ३६. तीन वर्षांपूर्वी अंगावरून फार जात होते. "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल," असे कुणी सांगितले आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन झाले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही गेली. आता अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, कंबर धरलेली. मालक म्हणाले, "साहेब, तवा कुणी सांगितलंच नाही." हेच मालक माती परीक्षणाचा कागद आल्याशिवाय खताची गोणी फोडत नाहीत!

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकीची पदविका घेतलेले माणूस. पण जाणत्या डॉक्टरांना विचारून लिहितो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. अंडाशये काढली की ती त्याच दिवशी जाते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचे वय काहीसे अलीकडे येऊ शकते. उलट, अंगावर जास्त जाण्याचे कारण पुष्कळदा हार्मोनचा बिघाड असतो, कधी थायरॉईड कमी पडलेले असते. त्याला गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवता येते. अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा औषधाने बरे होणारे दुखणे आहे. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, तर ऑपरेशन करावेच लागते. त्याला आमची ना नाही.

आता टोळीकडे वळू. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक! एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल अंगावर, एक दिवस बसले की खाडा. मग दर महिन्याचे दुखणे नकोच, असा हिशेब होतो.

काही सभासद म्हणतील, टोळी मुकादमाची, आपला काय संबंध? आम्हाला हे पटत नाही. ऊस आपल्या फडातला आहे. तो तोडणाऱ्या बाईची हाडे चाळिशीच्या आत झिजत असतील, तर त्या साखरेचा गोडवा आपण कसा मानायचा?

आमचे म्हणणे एवढेच. घरात हा प्रश्न आला तर सही करण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या. सोनोग्राफी, रक्त आणि थायरॉईड तपासा. "अंडाशये ठेवणार का?" हे स्पष्ट विचारा. ऑपरेशन आधीच झाले असेल, तर हाडांची तपासणी करून घ्या. आणि कारखान्याने हंगामात दर पंधरवड्याला टोळ्यांच्या तळावर स्त्री-डॉक्टर न्यावी, आजारपणाचा खाडा बंद करावा, असा ठराव वार्षिक सभेत आपणच मांडावा.

खोडवा राखताना बुडखा जपावा लागतो, हे आम्ही आपल्याला शिकवायला नको.

— ऊस विकास अधिकारी