पोस्टकार्डाच्या घडीवर चाललेला कारभार

चार्जरची पिन जरा हलली की लॅपटॉप बंद. मग कोणीतरी पोस्टकार्डाच्या तुकड्याची घडी करून पिनेखाली सारतो, वरून चिकटपट्टी किंवा रबरबँड, आणि काम सुरू! आधारच्या शिबिरात दारापर्यंत रांग लागलेली असताना कर्मचाऱ्याने दुसरे काय करावे? या हातगुणाला निदान आम्ही तरी नावे ठेवणार नाही.

पण साथींनो, सगळ्या जुगाडांना एकच माप लावता येत नाही. वीज तोडून, बॅटरी काढून रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली, तर ती रीतसर दुरुस्तीच म्हणायची. कीबोर्डची चपटी पट्टी खाचेत सैल बसत असेल, तर तिच्या पाठीला टेपचा पातळ थर देऊन भागते. तिथून जाणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो. चार्जिंगच्या जॅकचे तसे नाही. साडेएकोणीस व्होल्ट, ६५ वॅटचा चार्जर सुमारे ३.३ अँपिअर देतो. सैल सांध्यात एक ओहम जरी रोध उभा राहिला, तरी तेवढ्याशा जागेत दहा-अकरा वॅट उष्णता साठते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते, आणि शेजारी आपणच कागद कोंबलेला! शिवाय अनेकदा जॅकचा डाखच तडकलेला असतो. तो घडीने कसा सांधणार? कित्येक मॉडेलांत हा जॅक सुटा मिळतो, काहीशे रुपयांत.

तेवढे पैसे मंजूर होत नाहीत, म्हणून घडी चालू राहते. आणि यंत्र जळाले की चौकशी घडी घालणाऱ्याची! निष्काळजीपणाने झालेले नुकसान पगारातून वसूल करण्याची तरतूद टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६५ च्या नियमावलीत नियम ११ खाली आहे. रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत नियम ६ खाली. सुटा भाग न देणाऱ्याचा निष्काळजीपणा मात्र कोणी मोजत नाही.

रेल्वेचा सिग्नल मेंटेनर डिस्कनेक्शन मेमोवर स्टेशन मास्तरची सही घेतल्याशिवाय चालू यंत्रणेची तार सोडवत नाही. त्या कागदाने प्रवासी वाचतो, तसा मेंटेनरही वाचतो. कार्यालयातल्या लॅपटॉपला असा मेमो नाही. तो आपणच सुरू करावा. 'अमुक तारखेस जॅक सैल आढळला, पिन गरम होते, वापर थांबवला आहे, जॅक बदलून मिळावा', एवढ्या दोन ओळी लिहून साहेबांची पोच घ्या आणि एक प्रत शाखा सचिवाकडे द्या.